न आलेला ताप

पुण्याच्या शिवाजीनगर स्थानकावरून सुटणारी एसटी नगर, कडा, आष्टी, जामखेड करत सौताड्यावरून बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याला पोचायची. ऑगस्ट २००९ मध्ये या गाडीत बसलेल्या माणसांची तोंडं रुमालानं बांधलेली होती. कुणी रुमालावर निलगिरीचे दोन थेंब टाकलेले, कुणी कापराची पुरचुंडी नाकाशी धरलेली. मधल्या सीटवरचा कुणी खोकला की पुढची चार डोकी एकदम मागं वळत. पुण्यात कामाला असलेली, शिकायला गेलेली पाटोदा तालुक्यातली पोरं गावाकडं परतत होती, आणि त्यांच्याबरोबर स्वाइन फ्लू येतोय की नाही हे ठरायच्या आधीच भीती येऊन पोचली होती.

त्या भीतीला एक पत्ताही होता, तो म्हणजे दवाखाना. 'सरकारी दवाखान्यात जाऊ नका, जे नाही ते तिथंच चिकटतं,' असं लोक एकमेकांना बजावत. ड्युटी संपवून भाड्याच्या खोलीवर आलेल्या सिस्टरला बघून शेजारीण पोरांना आत हाक मारायची. वॉर्डातली मावशी, सलाईनचा स्टँड ढकलत नेणारे मामा, केसपेपर लिहिणारा कारकून, या सगळ्यांच्या अंगात विषाणू आहेच असं गृहीत धरलेलं होतं. मात्र त्यांच्या रक्तात खरोखर काय होतं, हे तपासण्याचं काम त्याच ऑगस्टमध्ये पुण्यात सुरू झालं. त्यातून जे आकडे आले ते लोकांच्या भीतीशी जुळणारे नव्हते. पण तिथं जाण्याआधी नव्वद वर्षं मागं जायला हवं.

१९१८ साली पाटोदा निजामाच्या मुलखात होतं. पश्चिमेला इंग्रजांचा नगर जिल्हा, मध्ये सरहद्द, आणि सरहद्दीवर जकात. तापाला जकात पडत नाही. मुंबईत १० जून १९१८ रोजी सात पोलीस शिपाई पोलीस रुग्णालयात दाखल झाले. ताप होता, पण हिवतापाचा नव्हता. त्यांच्यातल्या एकाची नेमणूक गोदीवर होती. शहराचे आरोग्य अधिकारी जे. ए. टर्नर यांचं म्हणणं, रोग बंदरात लागलेल्या जहाजातून उतरला. सरकारचं म्हणणं उलटं, की खलाशांनाच तो मुंबईत लागला. हा वाद कागदावर रंगत असताना गोदीतून तो गिरण्यांत, टपाल कचेऱ्यांत, पेढ्यांत शिरलासुद्धा. पहिली लाट तशी सौम्य होती. माणसं तीन-चार दिवस अंथरूण धरत आणि उठून कामाला लागत. सप्टेंबरात दुसरी लाट आली ती मात्र माणसं घेऊन गेली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदवले गेले.

मुंबईतून ही साथ रेल्वेच्या रुळांनी देशावर चढली. पाटोद्याला रेल्वे नव्हती, पण नगरला होती, आणि नगरचा बाजार सरहद्दीपलीकडच्या लोकांचाही होता. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. ऐन ज्वारीच्या पेरणीच्या दिवसांत औत धरायला माणूस उरला नाही, अशी देशावरच्या कित्येक गावांची गत झाली. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसं गेली आणि हिंदुस्थानात सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त. १९११ ते १९२१ या दशकात शेजारच्या नगर जिल्ह्याची वस्ती पाचव्या हिश्शाहून अधिक घटली. अर्थात त्यात साथ, दुष्काळ आणि पोटासाठी गाव सोडणं असं सगळं मिसळलेलं आहे. देशाची एकूण लोकसंख्या कमी झाल्याचं दाखवणारी १९२१ ची ही एकमेव जनगणना.

मराठी मुलखानं या रोगाला नाव दिलं 'मानमोडी'. मान टाकायला लावणारा ताप. डॉक्टरी पुस्तकात 'इन्फ्लुएन्झा' होतं, गावात मानमोडी. पुढं कितीतरी वर्षं म्हातारी माणसं आपला जन्म किंवा लग्न 'मानमोडीच्या साली' असं सांगायची.

या नावातच एक फसगत आहे. मान मोडली तरच मानमोडी. ज्याची मान मोडली नाही, नुसतं अंग कसकसलं, एक दिवस जेवण गेलं नाही आणि दुसऱ्या दिवशी जो उठून कामाला लागला, त्याचं काय? त्याला रोग झाला असं कुणी म्हणालं नाही आणि त्याची कुठं नोंदही झाली नाही. १९१८ मध्ये बरेच लष्करी डॉक्टर महायुद्धावर गेलेले. मागं उरलेल्या दवाखान्यांत कंपाउंडर, दाई, झाडूवाला असे लोक रुग्णांत वावरत होते. पुड्या बांधणाऱ्या कंपाउंडरला आदल्या रात्री जरा थंडी वाजली असेल, तर त्याच हातांनी किती घरांत औषधाबरोबर आणखी काय गेलं, हे ठरवायला त्या काळी साधनच नव्हतं. रोगाचं मूळ म्हणून डॉक्टरमंडळी फायफरच्या जिवाणूकडं बोट दाखवत होती, आणि ते बोट चुकीच्या दिशेला होतं. जे दिसतच नाही ते मोजणार कसं?

ते दिसायला १९३३ साल उजाडावं लागलं. लंडनमध्ये विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्रूज आणि पॅट्रिक लेडलॉ या तिघांनी आजारी माणसाच्या घशातलं पाणी फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याच्या नाकात सोडलं. प्राण्याला ताप आला, नाक वाहू लागलं. पुढं असाच एक आजारी फेरेट स्मिथ यांच्या तोंडावर शिंकला आणि त्यांना फ्लू झाला. त्यांच्या घशातून मिळालेला विषाणू त्यांच्याच आद्याक्षरांनी 'डब्ल्यूएस' म्हणून ओळखला जातो. रोगाच्या मागं लागलेल्या माणसालाच रोगानं गाठलं. स्मिथना ते कळलं, कारण शिंक समोरून आली होती आणि ताप चढला होता.

ताप चढलाच नाही तर ओळखायचं कसं, याची वाट १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतल्या जॉर्ज हर्स्ट यांना सापडली. कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भात फ्लूचा विषाणू वाढवताना त्यांच्या लक्षात आलं की विषाणूच्या संपर्कात आलेल्या तांबड्या पेशी एकमेकींना चिकटतात. मग त्यात अशा माणसाच्या रक्तातला सीरम घातला, ज्याला तो फ्लू पूर्वी होऊन गेलाय, तर पेशी चिकटेनाशा होतात. सीरममधली प्रतिद्रव्यं विषाणूचे हात आधीच धरून ठेवतात. या चाचणीला कित्येक दशकं झाली तरी ती अजून वापरात आहे. छोट्या छोट्या खळग्यांची प्लास्टिकची थाळी असते. सीरम दुप्पट-दुप्पट पातळ करत एकेका खळग्यात घालतात, वर विषाणू, त्यावर तांबड्या पेशी. विषाणू मोकळा असेल तर पेशी जाळ्यासारख्या पसरून राहतात. त्याला सीरमनं अडवलं असेल तर पेशी घसरत खाली बसतात आणि खळग्याच्या तळाशी कुंकवाच्या टिकलीएवढा लाल ठिपका उमटतो. तो ठिपका सांगतो, की बाबा रे, तुला कळलं नाही, पण तो तुझ्या घरी येऊन गेला.

याच रॉकफेलर नावाशी पुण्याचाही धागा आहे. १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीनं पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर उभं राहिलं. तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली 'एनआयव्ही'.

ठिपक्याच्या या चाचणीनं रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांबद्दल जे सांगितलं त्याचा सगळ्यात बोलका दाखला स्कॉटलंडमधला आहे. १९९३-९४ च्या हिवाळ्यात ग्लासगोच्या रुग्णालयांतल्या ५१८ कर्मचाऱ्यांचं रक्त साथीच्या आधी आणि नंतर तपासलं गेलं. १२० जणांना, म्हणजे दर शंभरी तेवीस जणांना, फ्लूची लागण होऊन गेलेली होती. मग त्यांना विचारलं, की या हिवाळ्यात फ्लू झाला होता का? लागण झालेल्यांपैकी ५९ टक्के लोकांना फ्लू झाल्याचं आठवेना. २८ टक्के लोकांना तर साधं सर्दी-पडसंही आठवेना. ही माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांच्या दृष्टीनं तो हिवाळा बरा गेला होता.

आता २००९. मार्च-एप्रिलमध्ये मेक्सिकोत फ्लूचा नवा एच१एन१ विषाणू, म्हणजेच स्वाइन फ्लू, उठला. मेमध्ये हैदराबादला भारतातला पहिला रुग्ण सापडला, तोही परदेशातून आलेला. ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेनं महामारी जाहीर केली. ३ ऑगस्टला पुण्यात १४ वर्षांची एक शाळकरी मुलगी दगावली. स्वाइन फ्लूचा देशातला हा पहिला मृत्यू. मग पुणं एकदम बंद झालं. शाळा बंद, चित्रपटगृहं बंद, आणि पालिकेच्या नायडू रुग्णालयापुढं रांगा. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यातल्याच एका तरुण वैद्यकीय व्यावसायिकाचा या रोगानं मृत्यू झाला आणि रांगेतल्या लोकांना जे वाटत होतं त्यावर जणू शिक्काच बसला, की डॉक्टरांकडूनच पसरतंय.

एनआयव्हीच्या संशोधकांनी १५ ऑगस्ट ते ११ डिसेंबर २००९ या काळात पुण्यात रक्ताचे नमुने गोळा केले. रुग्णालयांचे कर्मचारी, गल्लीबोळात दवाखाना थाटून बसलेले डॉक्टर, शाळेतली मुलं, शिक्षक आणि सर्वसाधारण नागरिक असे त्यांचे गट होते. तुलनेला हवं म्हणून शीतपेट्यांत जपून ठेवलेले, २००५ ते मार्च २००९ मधले जुने नमुने बाहेर काढले. या २२२ जुन्या नमुन्यांपैकी फक्त २ मध्ये नव्या विषाणूविरुद्ध प्रतिद्रव्यं दिसली. म्हणजे पाटी जवळजवळ कोरी होती. आता तीवर जे उमटेल ते या साथीचंच. चाचणी तीच ठिपक्याची, तांबड्या पेशी मात्र या वेळी कोंबडीच्या नव्हत्या, टर्कीच्या होत्या.

रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांत ऑगस्टमध्ये २.८ टक्के लोकांना लागण होऊन गेलेली दिसली. नोव्हेंबरपर्यंत हा आकडा १२ टक्क्यांवर गेला. साधारण आठात एक. ही ड्युटी करणारी माणसं होती, खाटेवर पडलेले रुग्ण नव्हेत.

दवाखानेवाल्या डॉक्टरांचे आकडे होते ऑगस्टमध्ये ४.९ टक्के, नोव्हेंबरमध्ये ९.४ आणि डिसेंबरमध्ये १५.१. शाळांत ऑगस्टमध्ये २ टक्के, तर सप्टेंबरात १०.७. त्यातही मुलांचा आकडा २५ टक्के, म्हणजे वर्गातलं दर चौथं पोर. शिक्षक त्यामानानं बरेच मागं. ऑक्टोबरमधल्या सर्वसाधारण लोकांच्या पाहणीत प्रौढांत ४.३ टक्के आणि मुलांत ९.१. सगळ्यात जास्त, २०.३ टक्के, पंधरा ते एकोणीस वर्षांच्या पोरापोरींत, म्हणजे एसटीत रुमाल बांधून बसलेल्यांच्याच वयाच्या गटात. आणि या सगळ्याच्या बुडाशी एक आकडा, ज्यानं बाकीचे समजतात. नव्या विषाणूच्या जवळजवळ ९० टक्के लागणी एकतर लक्षणांशिवाय होत्या, नाहीतर अगदी सौम्य.

संशोधकांनी निष्कर्ष काढला की रुग्णालयांत लागण तुलनेनं कमी राहिली, आणि त्याचं श्रेय संसर्ग रोखायच्या उपायांना जातं. मला हे पटतं, पण पुरतं नाही. शाळकरी मुलांच्या २५ शी आणि खासगी डॉक्टरांच्या डिसेंबरमधल्या १५.१ शी तुलना केली तर खरंच कमी. पण ऑक्टोबरमधल्या साध्या प्रौढ माणसाच्या ४.३ शेजारी नोव्हेंबरमधला कर्मचाऱ्यांचा १२ ठेवला, तर महिना पुढचा आहे हे धरूनही तो लहान वाटत नाही. शिवाय ठिपकाही सगळं सांगत नाही. ज्यांना हा रोग झाल्याचं घशाच्या तपासणीतून पक्कं ठरलं होतं, अशा ६५ जणांपैकी ४८ जणांच्याच रक्तात पुरेशी प्रतिद्रव्यं सापडली. चौथा हिस्सा माणसं ठिपक्यालाही चकवून गेली. कसोटी थोडी सैल केली, सीरम चाळीसपट पातळ करूनही ठिपका उमटला पाहिजे ही अट दहापटीवर आणली, तर लागण झालेल्यांची संख्या दीडपट ते तिप्पट होत होती. तेव्हा आठात एक हा आकडा कमीत कमी धरायचा.

डिसेंबरमध्ये खासगी डॉक्टरांचा आकडा कर्मचाऱ्यांच्या नोव्हेंबरमधल्या आकड्यापुढं का गेला, हे कोड्यात टाकणारं नाही. रुग्णालयातल्या माणसाला माहीत होतं की समोर कोण आहे. मास्क होता, हातमोजे होते, वेगळा कक्ष होता, आणि रुग्णांच्या थेट संपर्कात येणाऱ्या कर्मचाऱ्यांनी प्रतिबंध म्हणून टॅमिफ्लू ही फ्लूवरची गोळी घ्यावी अशी केंद्राची सूचनाही होती. दहा बाय बाराच्या खोलीत बसलेल्या डॉक्टरपुढं मात्र जो येई तो 'साधा ताप' घेऊन येई. ऑगस्टभर टॅमिफ्लू सरकारी कोठारातच होती. औषधाच्या ठरावीक दुकानांतून ती मिळू लागली सप्टेंबरात. घशाचा नमुना घ्यायची सोय नाही, खिडकी एक, आणि बाकावर दहा जण खेटून बसलेले. त्यातली दोन शाळेतली पोरं.

हा डॉक्टर तर पाटोद्याच्या बाजारपेठेतही बसतोच की. इंजेक्शन टोचून, तीन गोळ्या पुडीत बांधून देऊन 'उद्या बरं वाटेल' म्हणणारा. माणसं पहिल्यांदा त्याच्याकडं जातात. ग्रामीण रुग्णालय त्यानंतर, बीडचं जिल्हा रुग्णालय त्याच्याही नंतर. दवाखान्याच्या भीतीनं लोक ज्या दारातून मागं फिरत होते ते दार त्यातल्या त्यात राखलेलं होतं, आणि जिथं निर्धास्त होऊन बसत होते तिथं कुणाचाच पहारा नव्हता. शाळेचा वर्ग तर कुणाच्या मनातही नव्हता.

कर्मचाऱ्यांची लागण कळली नाही याला आणखी एक कारण होतं, आणि ते नियमातच बसलेलं. साथ पसरल्यावर प्रत्येकाचा घसा तपासणं शक्य नव्हतं. म्हणून रुग्णांचे अ, ब, क असे गट पाडले. सौम्य ताप-खोकला असेल तर घरीच थांबा, तपासणी नको. धाप, छातीत दुखणं, थुंकीतून रक्त पडणं असं काही असेल तरच नमुना घ्या. प्रयोगशाळांवरचा भार बघता हे शहाणपणाचंच होतं. पण दवाखान्यातल्या मामांचं नाक वाहत असेल, घसा जरा खवखवत असेल, तर या नियमानं त्यांची तपासणी कधी होणारच नव्हती. ते 'अ' गटात, म्हणजे कुठल्याच यादीत नाहीत. आणि 'घरी थांबा' हे पगारी रजा असणाऱ्याला सांगणं वेगळं, रोजंदारीवरच्या सफाई कामगाराला सांगणं वेगळं. ज्याला जरा कणकण वाटत होती तोही कामावर आला, आणि ज्याला काहीच वाटत नव्हतं त्यानं न येण्याचा प्रश्नच नव्हता.

११ डिसेंबर २००९ ला नमुने घेणं थांबलं तोवर पाटोद्याच्या वाड्या-वस्त्यांवर घरांना कुलपं लागली होती. दिवाळी झाली की इथल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर, काही पार कर्नाटकात. एका कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, घरची चार-पाच माणसं, शेजारी कोपीला कोपी लागलेली. पुण्यातल्या पाहणीत घरात एकाला पक्का रोग झाला तर घरच्या दर शंभर माणसांतल्या पंचवीस-सव्वीस जणांच्या रक्तात त्याची खूण सापडली होती, आणि ती घरं शहरातली होती.

एप्रिल २०१० मध्ये लस आली. परदेशातून मागवलेल्या सुमारे १५ लाख मात्रा, आणि त्या पहिल्यांदा आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीच राखलेल्या. पुण्यातच तयार झालेली, नाकात फवारायची लस जुलैमध्ये बाजारात आली. सरकारी दवाखान्यांतल्या अनेकांनी टोचून घ्यायला दंड पुढं केला नाही. काहींना परिणामांची धास्ती होती. बाकीच्यांचं म्हणणं साधं होतं, की अख्खी साथ काढली, इतके पेशंट हाताखालून गेले, आपल्याला काही झालं का? १० ऑगस्ट २०१० ला जागतिक आरोग्य संघटनेनं महामारी संपल्याचं जाहीर केलं, आणि नेमक्या त्याच पावसाळ्यात महाराष्ट्रात स्वाइन फ्लूचे रुग्ण पुन्हा वाढले होते.

टोळ्या तोवर कधीच परतल्या होत्या. ओपीडीच्या खिडकीपुढं रांग लागलेली. ताप, खोकला, अंगदुखी, तीन दिवस. खिडकीमागचा माणूस केसपेपरवर नाव, गाव, वय लिहीत होता. मध्येच त्यानं शर्टाच्या बाहीला नाक पुसलं, कार्बन सरळ केला आणि मान वर न करता विचारलं, "पुढचं नाव?"